तोच मासा परत परत

“तुला पोहता येतं का?”

झालं. विचारला एकदाचा!

प्रश्न माझा नव्हता हं. माझ्या दोन मैत्रिणींचा होता. एक शिट्टी – ती दोन बोटं तोंडात घालून अख्खं मैदान जागच्या जागी थांबवू शकते. दुसरी डबल – ती प्रत्येक गोष्ट दोनदा बोलते. मला दोघी भोंगा म्हणतात. गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीलासुद्धा तोंडातल्या तोंडात ‘हजर’ म्हणायचे. मग यंदा शाळेच्या क्रीडादिनी ऐनवेळी माइक माझ्या हातात आला, आणि तेव्हापासून तो सुटलाच नाही. माइक नसला तरी.

तर – आठवडाभर आम्ही शाळा सुटली की सायकली जलाशयाच्या कठड्याला टेकवून एका मुलाला बघत होतो. तरंगत्या धक्क्यावर तो एकटाच वाळक्या फांद्यांचे भारे बांधत बसलेला असायचा. आणि अंगात कायम नारिंगी लाइफ जॅकेट. बोटीत ठीक आहे. पण हा धक्क्यावर घालायचा, पायऱ्यांवर घालायचा, एकदा तर भर रस्त्यात आइस्क्रीम खातानाही अंगात तेच! तिथल्या तिथे त्याचं बारसं झालं – जाकीट.

“जाऊन विचार की, पोहता येतं का म्हणून,” शिट्टी म्हणाली. “असेल हिंमत तर.”

“असेल तर. हिंमत असेल तर,” डबल म्हणाली.

म्हणून मी गेले. धक्का पायाखाली डुलत होता, मागून दोघींचं खिदळणं ऐकू येत होतं, आणि मी माझ्या माइकच्या आवाजात विचारून मोकळी झाले.

त्याने मान वर केली. हातात सुतळी, दातात सुतळीचं दुसरं टोक. ते शांतपणे काढून तो म्हणाला, “नाही.”

मी गारच. मला वाटलं होतं तो चिडेल, नाहीतर हसण्यावारी नेईल. हा सरळ नाही म्हणाला!

“म्हणजे... दिवसभर पाण्यावर असतोस आणि –”

“म्हणून तर जॅकेट घालतो,” तो म्हणाला. “आता मी विचारू? त्या दोघींनी पाठवलं का तुला?”

“छे! मला स्वतःला... शास्त्रीय कुतूहल आहे.”

“अच्छा. मग शास्त्रीय कुतूहलाने ही फांदी जरा धरतेस का? गाठ निसटतेय.”

मी धरली. काय करणार, हातात आलीच होती. फांदी खरखरीत होती, त्याला वाळक्या पानांचा वास होता, आणि गाठ मारताना त्याचे कान – मी उगाच सांगत नाही – कान लाल झाले होते. म्हणजे स्वारी वरून शांत होती, आतून नव्हती तर.

“हे सगळं पाण्यात कशाला टाकता? कचरा म्हणून?”

“घरं म्हणून.”

“कुणाची?”

“माशांची.”

मी वळून मैत्रिणींकडे बघितलं. त्या हातवारे करून ‘परत ये’ सांगत होत्या. मी नाही गेले.

*

जाकीट माझ्याच वयाचा, सतरा वर्षांचा निघाला. तो आत्याबरोबर राहायचा. आत्या माशांच्या अभ्यासक; ज्या जलाशयावर काम निघेल तिथे एक मोसम जाऊन राहायच्या आणि त्यांच्या मागोमाग हा. शाळा कुठलीच नाही, परीक्षा बाहेरून. सहा वर्षांत सात गावं, असं त्याने मला सांगितलं ते अगदी बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

आमचा जलाशय फार जुना आहे. तो पहिल्यांदा भरला तेव्हा उभी झाडंच्या झाडं पाण्याखाली गेली होती आणि माशांची चंगळ होती. मग वर्षानुवर्षं ती झाडं कुजली, मोडली, गाळात गेली. आता तळाला नुसता सपाट चिखल.

“तू लहान मासा आहेस असं समज,” जाकीट म्हणाला.

“मी का लहान? मी मोठा मासा.”

“बरं, मी लहान मासा. मला मोठ्या माशापासून लपायचंय.” त्याने माझ्याकडे बघितलं आणि पटकन सुतळीकडे. “आणि लपायला काहीच नाही. सगळा उजाड चिखल. मग मी मोठा कसा होणार?”

“लपू नकोस ना मग,” मी म्हणाले.

परत कान लाल!

तर उपाय असा की वाळक्या फांद्यांचे भारे काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधून तळाला सोडायचे, वर खुणेला एक लाल तरंगा. आत्यांनी असे बारा भारे सोडले होते. चार काठाजवळ उथळ पाण्यात, चार मध्यम खोलीवर, चार अगदी खोल. आणि तेवढ्याच बारा उजाड जागाही धरल्या होत्या, तुलनेसाठी. बोट चालवायला नावाडीकाका. प्रत्येक जागी दोरीने कॅमेरा खाली सोडायचा, वीस मिनिटं चित्रण करायचं, मग जुन्या पंपघरात बसून ते लॅपटॉपवर बघायचं आणि मासे मोजायचे.

“मोजायला माणूस कमी पडतोय,” आत्या म्हणाल्या. आत्या म्हणजे उंच, उन्हाने रापलेल्या, आणि शब्द जपून वापरणाऱ्या. “हा एकटा किती बघणार? तुला वेळ असतो का गं?”

वेळ! माझ्याकडे शाळा होती, आणि रविवारी सकाळी दातांच्या कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास होता. माझी आई दंतवैद्य आहे. घराच्या पुढच्या खोलीत तिचा दवाखाना, आणि तिथे खिडकीजवळ दुसऱ्या खुर्चीची जागा तिने मी सातवीत असल्यापासून मोकळी ठेवलीय. बाबा माझ्याच शाळेत गणित शिकवतात. थोडक्यात, माझ्या वेळापत्रकात घरबसल्या दोन पहारेकरी.

“आहे की वेळ,” मी म्हणाले. “भरपूर.”

*

पंपघर म्हणजे चार भिंती आणि एक खिडकी. पंप कधीच काढून नेलेला. राहिलेल्या चौथऱ्यावर फळी टाकून टेबल केलं होतं. खुंट्यांवर ओल्या दोऱ्या, कोपऱ्यात चहाची किटली, आणि एकाच बाकावर दोघांना पुरेल अशी... खरं तर दीड माणसाला पुरेल अशी जागा.

पहिल्या दिवशी आत्यांनी मोजायची पद्धत समजावून सांगितली. दहा मिनिटं सांगितली. त्या दहा मिनिटांत जाकीट समोर बसून पेन्सिलीला टोक करत होता. इतक्या मन लावून, जीभ जराशी बाहेर काढून, की सालपट तुटू नये... आणि ते नाही तुटलं. अख्खं, गोल गोल, एकच सालपट. त्याने ते माझ्यासमोर ठेवलं.

“कळलं ना?” आत्यांनी विचारलं.

“हो हो, कळलं,” मी म्हणाले.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायची तर भाऱ्यांची चित्रणं मी हट्टाने मागून घेतली. “मला घरं दे, उजाड जागा तू घे,” म्हणाले. कारण उजाड जागेचं चित्रण म्हणजे वीस मिनिटं हिरवट धुकं आणि एखादा मासा वाट चुकल्यासारखा. पण भाऱ्यांचं... अहाहा! बोटभर पिल्लं फांद्यांच्या आत लुकलुकायची. पट्टेवाले मासे बाहेरून गोल चक्कर मारायचे. आणि एखादा मोठा धूड मासा भाऱ्याच्या सावलीत जेमतेम पर हलवत उभा, बिल न भरता बसलेल्या गिऱ्हाइकासारखा.

“आला, आला, अजून एक!” मी ओरडायचे.

“हळू. मासे पळतील.”

“चित्रणातले?”

“चित्रणातलेसुद्धा. तुझा आवाज भोंग्यासारखा आहे.”

“तुला कुणी सांगितलं भोंगा?”

“कुणी नाही. म्हणजे... धक्क्यावरून ऐकू यायचं. त्या दोघी तुला हाक मारायच्या तेव्हा.” तो कागदावर उगाच रेघ ओढत होता. “आठवडाभर ऐकत होतो.”

आठवडाभर! म्हणजे आम्ही त्याला बघत होतो तेव्हा तो... मी काही बोलले नाही. माझ्या बाबतीत हे किती क्वचित घडतं ते शिट्टीला विचारा.

असे सहा आठवडे गेले. शाळा, मग पंपघर, मग दिवेलागणीला घर. कधी पाऊस पत्र्यावर वाजायचा आणि आम्हाला एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही; मग तो कागदाच्या कडेला लिहून दाखवायचा – ‘चहा?’ मी खाली लिहायचे – ‘हा काय प्रश्न झाला?’ तो कागद अजून माझ्याकडे आहे. कुणाला सांगू नका.

आणि आकडे! उजाड जागी सरासरी चार मासे. माझ्या भाऱ्यांजवळ अडतीस! आत्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला, परत वाचला.

“इतका फरक?”

“इतका,” मी छाती फुगवून म्हणाले.

आत्यांनी अहवाल मत्स्यखात्याच्या कचेरीला पाठवला. आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं – भारे बारावरून साठ करा, काम आणखी दोन वर्षं चालू ठेवा.

दोन वर्षं!

जाकीट पत्र हातात घेऊन धक्क्याच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. मग परत गेला. “आत्या म्हणतेय, दोन वर्षं राहायचं तर खऱ्या शाळेत जा. तुझ्या शाळेत. मी फॉर्म आणलाय.”

“आमच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकाचा पाय मोडलाय,” मी म्हणाले. “तोच तेवढा रिकामा आहे.”

“चालेल.”

“तो डुलतो.”

“मला डुलायची सवय आहे,” तो म्हणाला, आणि हसला. पहिल्यांदा पूर्ण हसला. मी तुम्हाला ते हसणं सांगू शकत नाही. नुसतं एवढं सांगते की घरी जाताना मी सायकल हातात धरून चालत गेले, कारण चढायचंच राहून गेलं.

*

पुढच्या शनिवारी आत्या म्हणाल्या, “शाळेतल्या मुलांना दाखवायला एखादं छान दोन मिनिटांचं चित्रण निवडून ठेव गं.”

मी एकटीच पंपघरात बसले. बाहेर जाकीट नवे भारे बांधत गुणगुणत होता. कागद-पेन्सिल बाजूला. आज मोजायचं नव्हतं, नुसतं मजेत बघायचं होतं. पट्टेवाला एक मासा डावीकडून आला. त्याच्या शेपटीचा वरचा तुकडा तुटलेला होता, कुणीतरी बिस्किटाचा चावा घ्यावा तसा. अरे बिचारा, म्हटलं. तो उजवीकडे गेला.

मग डावीकडून एक मासा आला. शेपटीला चावा.

मग परत एक. शेपटीला चावा.

मला आधी गंमत वाटली. मग... मग मी चित्रण थांबवलं. मी जुना कागद काढला. या चित्रणात मी पट्टेवाले लिहिले होते एकोणीस. मी सुरुवातीपासून बघायला लागले, एकेक मासा, थांबवून थांबवून. तुटक्या शेपटीवाला अकरा वेळा आला होता. भाऱ्याभोवती गोल फिरत होता बिचारा, आणि प्रत्येक फेरीला मी ‘अजून एक!’ म्हणून रेघ मारली होती. अकरा मासे नव्हतेच. एकच होता.

आणि मग, दोन-अडीच महिन्यांनी, मला आत्यांची ती दहा मिनिटं आठवली. ‘येणारा प्रत्येक मासा मोजायचा नाही गं. तोच परत येतो. पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त जेवढे दिसतील, तेवढाच आकडा.’ शब्द कानावरून गेले होते. डोळे पेन्सिलीच्या सालपटावर होते.

जाकीटने उजाड जागा बरोबर मोजल्या होत्या. मी भारे चुकीचे मोजले होते. आणि आत्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून कचेरीला पाठवले होते.

बाहेरची गुणगुण चालूच होती. पंपघराच्या खिडकीत त्याचा शाळेचा फॉर्म वाळत ठेवला होता. भरताना बोट हलली म्हणून त्यावर पाणी उडालं होतं.

खरं सांगते, मी तो लॅपटॉप बंद केला. बंद करून तशीच बसून राहिले. कुणाला कळणार होतं? अजून अठ्ठेचाळीस भारे पडले असते, माशांचं काही वाईट झालं नसतं, दोन वर्षं तो त्या डुलणाऱ्या बाकावर बसला असता... चहा गार झाला. त्यावर साय धरली. मी त्या सायीकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, दोन वर्षं मी त्याच्या शेजारी बसणार आणि रोज त्याच्याकडे बघताना मला काय दिसणार? शेपटीला चावा.

मी उठले.

“ऐक ना,” मी म्हणाले. माइकचा आवाज कुठे गेला कोण जाणे. “मी मासे चुकीचे मोजलेत.”

त्याची गाठ अर्धीच राहिली. “म्हणजे?”

“येणारा प्रत्येक मोजला. एका तुटक्या शेपटीवाल्याला अकरा वेळा.”

तो हसायला लागला. मग थांबला. तोंडावर एकेक गोष्ट उमटत गेली – अहवाल, साठ भारे, दोन वर्षं, फॉर्म. सगळ्यात शेवटी फॉर्म.

“सगळ्या भाऱ्यांचे?” त्याने विचारलं.

“सगळ्या.”

पाणी धक्क्याखाली डुबुक डुबुक करत होतं. तो बराच वेळ सुतळी बोटाला गुंडाळत राहिला, मग सोडवत राहिला.

“मी आत्यांना सांगायला चाललेय,” मी म्हणाले. “तू माझ्यावर चिडलास तरी चालेल.”

“मी पण येतो.”

“चूक माझी आहे!”

“तपासायचं काम माझं होतं. दर पाचातलं एक चित्रण मी परत बघायचं, असं ठरलं होतं.” तो पाण्याकडे बघत म्हणाला, “नाही बघितलं. तू आकडे सांगताना इतकी खूश असायचीस... मला वाटलं, उगाच कशाला मास्तरकी करा.”

आम्ही दोघं आत्यांसमोर उभे राहिलो, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. मी सगळं सांगितलं. माझं संपल्यावर त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

“तोंडाने ‘कळलं’ म्हणालीस. कळलं नव्हतं.”

“हो.”

“परत विचारायला काय झालं होतं?”

याचं खरं उत्तर शेजारी लाल कान घेऊन उभं होतं.

“आज सांगितलंस, हे बरं केलंस,” आत्या म्हणाल्या. “मला दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं, तर मी तुला भाऱ्याला बांधून तळाला सोडलं असतं. आणि याला जॅकेट काढून.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “अहवाल मी परत मागवते. तुम्ही सगळं पहिल्यापासून मोजा. दोघांनी वेगवेगळं. आणि बाकावर मध्ये अंतर ठेवून.”

*

चार दुपारी लागल्या. तो त्याच्या कागदावर, मी माझ्या, शेवटी दोन्ही ताडून बघायचे. आता मी ‘आला, आला’ ओरडत नव्हते. एकेक चित्र थांबवून, बोटाने मोजत होते – एका वेळी किती दिसले. आणि गंमत सांगू? हळू बघितल्यावर जे दिसलं ते ओरडताना कधी दिसलंच नव्हतं.

खोल भाऱ्यांजवळ जवळपास कुणीच नव्हतं. मी तिथे नऊ-नऊ लिहिले होते; ते सगळे मिळून एकच मिशीवाला मासा होता. आत्यांनी कारण सांगितलं. उन्हाने वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. खालचा प्राणवायू संपत जातो. घर कितीही सुंदर बांधा, श्वासच घेता येत नसेल तर राहणार कोण? उथळ भारेही यथातथाच. धरणातून पाणी सोडलं की पातळी उतरून त्यांचे शेंडे उघडे पडत होते आणि मासे निघून जात होते.

पण मधले चार! मधल्या भाऱ्यांजवळ एका वेळी चौदा, पंधरा, एकदा अठरा. उजाड जागी चार. फांद्यांच्या आत पिल्लं, कडेला पट्टेवाले, सावलीत ते धूड गिऱ्हाईक. अडतीस नव्हे, पण खरे.

“चौदा,” मी म्हणाले.

“चौदा,” तो म्हणाला.

दोन कागदांवर एकच आकडा. मला रडूच आलं. म्हणजे आनंदाने. म्हणजे... मिसळलेलं.

चौथ्या दुपारी शेवटचं चित्रण संपलं. बाहेर भुरभुर पाऊस होता, ज्यात कुणी छत्री उघडत नाही असा. त्याने पेन्सिल खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

“माझी पण मोजायची पद्धत चुकते,” तो म्हणाला.

“तुझे तर सगळे बरोबर आले!”

“माशांचं नाही.” तो खिडकीकडे बघत होता. “मला दिवसभर एक विचार येतो. तोच येतो. गोल फिरून परत येतो. आणि मी... प्रत्येक वेळी तो नवा धरतो.”

मी एरवी काय काय बोलले असते! पण त्या वेळी सगळे शब्द भाऱ्यात लपून बसले.

“कुठला विचार?” मी विचारलं. अगदी हळू.

“आता तो पण मी सांगू?”

“शास्त्रीय कुतूहल आहे.”

“मोठा मासा आहे एक,” तो म्हणाला. “फार आवाज करतो.”

“आणि लहान मासा लपतो का त्याच्यापासून?”

“नाही,” तो म्हणाला, आणि या वेळी मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं. कान लाल, पण नजर हलली नाही. “आवडतो मला तो.”

आत्यांनी सांगितलेलं अंतर बाकावर तसंच होतं. मी त्या अंतरात माझी पेन्सिल ठेवली. त्याने त्याची शेजारी ठेवली. “मला पण,” मी म्हणाले. “केव्हाचा.” आणि बराच वेळ आम्ही नुसता पाऊस ऐकला.

*

कचेरीचं दुसरं पत्र गेल्या सोमवारी आलं. साठ भाऱ्यांचं काम रद्द. खोल आणि उथळ भारे काढून घ्या, मधले चार राहू द्या, त्यांचं चित्रण वर्षभर दर पंधरा दिवसांनी व्हावं. पण त्यासाठी इथे माणूस ठेवता येणार नाही. आत्यांना नवा जलाशय दिला होता. बसने सहा तासांवर.

फॉर्म त्याने घडी घालून पुस्तकात ठेवला. “शनिवारी निघायचं,” तो म्हणाला. बसच्या वेळापत्रकाच्या आवाजात म्हणायला गेला, जमलं नाही.

“रागावलायस?”

“कुणावर? त्या मधल्या चार भाऱ्यांचे आकडे खरे आहेत, हे मला माहीत आहे. नाहीतर मी त्या बाकावर बसलो असतो आणि रोज...” त्याने वाक्य सोडून दिलं. मला ते पूर्ण ऐकू आलं.

आत्या मागे उभ्या होत्या. “मधले चार वर्षभर कोण बघणार, तो प्रश्न आहे,” त्या म्हणाल्या. “नावाडीकाका बोट नेतील, पण कॅमेरा सोडायला आणि मोजायला माणूस हवा. सकाळीच करावं लागेल, तेव्हाच पाणी स्थिर असतं; म्हणजे शाळा नसते तो रविवारच. कुणावर सक्ती नाही. तुझं शाळेचं शेवटचं वर्ष आहे, क्लास आहे, मला माहीत आहे. आणि घरच्यांची सही लागेल.”

त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मी तो दोन दिवस दप्तरात घेऊन फिरले. शिट्टीला सांगितलं, तर ती पहिल्यांदाच शिट्टी न वाजवता म्हणाली, “पण तो तर तिथे नसणार ना गं?” आणि डबलने फक्त एकदाच विचारलं, “मग तू का जाणार?”

हाच प्रश्न मी स्वतःलाही विचारला. काल शाळा सुटल्यावर एकटीच धक्क्यावर गेले. लाल तरंगे पाण्यावर होते. खाली, मध्यम खोलीवर, माझे चौदा, पंधरा, अठरा. येत्या वर्षात ते वीस होतील की सहा, हे कुणालाच माहीत नाही. कुणीतरी बघितल्याशिवाय कळणारही नाही. आणि मला ते कळायलाच हवं, असं आतून इतकं जोरात वाटलं, की मी चक्क मोठ्याने हसले.

आज संध्याकाळी आईने शेवटच्या पेशंटला पाठवून दवाखान्याचं दार लावलं. बाबा टेबलावर सहामाहीचे पेपर तपासत होते. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि कागद ठेवला.

“मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. विचारायचं नाहीये, सांगायचंय.”

बाबांनी लाल पेनचं टोपण लावलं. “अरे बाप रे.”

“मी रविवारचा क्लास सोडतेय. आणि दातांच्या कॉलेजचा फॉर्म भरणार नाहीये. मला माशांचा, पाण्याचा अभ्यास करायचाय. वर्षभर दर दुसऱ्या रविवारी सकाळी बोटीने जाऊन मोजणी करणार आहे. नावाडीकाका बरोबर असतील. लाइफ जॅकेट घालीन. इथे तुमची सही हवी.”

आई मटकन खुर्चीत बसली. “आणि ती खिडकीजवळची जागा...”

“आई, तिथे तू झाड ठेव. मोठं, पानांचं. तुझ्या पेशंटना बरं वाटेल.” माझा आवाज थोडा हलला, पण मी तो हलू दिला. “मला माहितेय तू ती जागा किती वर्षं ठेवलीस. पण मी तिथे बसले तर सगळ्यांना नुसती ‘हो हो, कळलं’ म्हणत राहीन. ते मी एकदा केलंय. परत नाही करायचं.”

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे. मग त्यांनी अगदी तो प्रश्न विचारला, जो गणिताच्या मास्तरांनी विचारावा. “खरं सांग हं. यात तो नारिंगी जॅकेटवाला मुलगा किती?”

“मला तो आवडतो, बाबा,” मी म्हणाले. “खूप. त्यालाही मी आवडते. आम्ही एकमेकांना पत्रं लिहिणार आहोत, आणि आकडेही पाठवणार आहोत.”

“मग हे सगळं त्याच्यासाठीच ना?” आई म्हणाली.

मी नाही म्हणून मान हलवली, आणि माझा माइकचा आवाज, न मागता, परत आला.

“तो शनिवारी जातोय, आई. मी रविवारपासून मोजणार आहे.”